कवळीचं माहेर

माझ्या हातून आजवर घरातली एकही वस्तू बिघडलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो! आमची ही म्हणते, "बिघडणार कशी? तुम्ही कुठल्या वस्तूला हात लावलाय कधी?" पण तो तपशिलाचा भाग झाला. आपण रेकॉर्ड बघायचं. रेकॉर्ड स्वच्छ!

तर असं निष्कलंक रेकॉर्ड असलेल्या माणसाला लेकीनं त्या दिवशी एकच काम सांगितलं होतं. ढवळायचं. बस्स. मोठ्या पांढऱ्या टबात एक दाट खळ होती, आणि ती ढवळत राहायची. "थांबू नका, घाई करू नका, आणि बाबा, काही सुधारणा करू नका," एवढ्याच तीन सूचना होत्या. तिसरी सूचना मला जरा झोंबली, पण मी मोठ्या मनानं सोडून दिली.

आमची लेक प्रयोगशाळेतली बरी चाललेली नोकरी सोडून शेवाळाच्या मागे लागली, त्याला आता दोन वर्षं झाली. धक्क्याच्या मागे बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना आहे. तो तिनं भाड्यानं घेतला आणि समुद्री शेवाळापासून पातळ कागद बनवायला सुरुवात केली. दिसायला प्लास्टिक, पण काम झाल्यावर मातीत टाकला की महिन्या-दोन महिन्यांत नाहीसा! मी तेव्हा म्हणालो होतो, "अगं, लोक शेवाळावरून घसरतात. तू त्याच्यावर उभी राहणार?" यावर ती हसली नव्हती. माझे चांगले विनोद घरात नेहमीच वाया जातात.

पण त्या दिवशी हसण्याची वेळ नव्हतीच. एक साबणवाल्या बाई यायच्या होत्या. त्यांचा साबणाचा मोठा कारखाना, आणि साबणाच्या वड्या गुंडाळायला त्यांना प्लास्टिक नको होतं. त्यांनी कळवलं होतं, "नमुने पोस्टानं पाठवू नका. नमुने सगळ्यांचेच चांगले असतात. माझ्या डोळ्यांदेखत कागद करून दाखवा, मग बोलू." बाई हो म्हणाल्या तर वर्षभराचं काम. नाही म्हणाल्या तर महिनाअखेरीला शेड रिकामी, लेक पुन्हा नोकरीच्या शोधात, आणि तिच्या हाताखालच्या सहाजणी घरी. एका टबात एवढं सगळं होतं. आणि त्या टबातला डाव होता माझ्या हातात!

तुम्ही विचाराल, सहाजणी असताना ढवळायला तुम्ही कशाला? कारण ओहोटी! शेवाळ कापायचं ते ओहोटीला, खडक उघडे पडल्यावर. त्या सकाळी महिन्यातली सगळ्यात मोठी ओहोटी होती. सहाजणींमधली थोरली मावशी मला स्पष्टच म्हणाली, "साहेबराव, पाहुणीला थांब म्हणता येतं, समुद्राला नाही." आणि कोयते घेऊन सगळ्या पाण्याकडे निघून गेल्या.

निघण्यापूर्वी लेक म्हणाली, "बाबा, इकडे या. काय ढवळताय ते तरी बघून घ्या."

मी गेलो. दोरीवर शेवाळाच्या तपकिरी पट्ट्या वाळत होत्या. बुटांच्या दुकानाचं दिवाळं निघून फक्त नाड्या उरल्यासारख्या. वास असा, की माशांनीही नाक धरावं. हेच शेवाळ सात पाण्यांनी धुवायचं, धुण्याच्या सोड्यात शिजवायचं, कापडातून गाळायचं, की उरते ती खळ. मधासारखी, आणि मधासारख्याच रंगाची. लेकीनं चमचाभर खळ घेतली आणि शेजारच्या क्षाराच्या पाण्यात एक थेंब सोडला.

थेंब विरला नाही. थेंब थेंबच राहिला! तिनं तो बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून मऊ कातडी आणि आत पाणी. मोत्याएवढा गोळा. मी दाबला, तो दबला. सोडला, तो फुगला.

"हे... हे काय झालं?"

"खळीला क्षार मिळाला की ती बांधली जाते. असंच काचेवर पसरून वर पाणी फवारलं की झाला कागद."

"आणि हे त्या नाड्यांमधून निघालं?"

"बाबा, तुम्ही सकाळी दात घासता ती पेस्ट दाट कशामुळे असते? शेवाळ. आइस्क्रीम लगेच वितळत नाही कशामुळे? शेवाळ. जळजळ झाली की पिता ते गुलाबी औषध?"

"तेही?"

"तेही."

सत्तर वर्षं मी समुद्राला मीठ आणि मासे देणारा एक गृहस्थ समजत होतो! आणि हा पठ्ठ्या माझ्या नकळत रोज सकाळी माझ्या तोंडात येऊन जात होता. मी इतका थक्क झालो की बोललोच नाही. लेकीला काळजी वाटली असावी. "बरं वाटतंय ना?" असं विचारून ती म्हणाली, "खळ पातळ वाटली तर कोपऱ्यातल्या डब्यातली पूड घाला. दोन वाट्या. डब्यावर लिहिलंय." आणि बाईंना आणायला स्टेशनवर गेली.

आता इथे मला एक छोटीशी कबुली द्यायला हवी. पाहुण्यांसाठी भिंतींच्या भेगा बुजवून घ्याव्यात ही माझीच सूचना होती. रंगारीही मीच बोलावला होता. तो आला तो भेगा भरायच्या प्लास्टरचं एक फाटकं पोतं घेऊन. बाईंनी आत पाऊल टाकल्याबरोबर फाटकं पोतं बघावं? मी त्याला एक रिकामा, स्वच्छ, झाकणाचा डबा शोधून दिला आणि पोतं त्यात रिकामं करायला लावलं. डबा नीट कोपऱ्यात, तशाच एका भरलेल्या डब्याच्या पुढे ठेवला. डब्यावर लेकीच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, पण चष्मा घरी राहिला होता.

सुधारणा नव्हती ती. टापटीप होती!

अर्धा तास मी एखाद्या तपस्व्यासारखं ढवळलं. रंगारी बाहेर दार रंगवत होता. शेडमध्ये मी, टब आणि क्षाराचं पाणी. मग मनात आलं, एक थेंब. एकच! सोडला. मोती झाला. मग जरा धार धरून बघितली. धारेचा दोरा झाला! हातभर लांब, पारदर्शक. खिडकीतल्या उन्हासमोर धरला तर आत सोनेरी रेघ. समुद्रात कुठेतरी लाटांचे तडाखे खात हे खडकाला चिकटून होतं. तिथे न तुटण्याचं जे बळ त्याच्यात होतं, तेच माझ्या चिमटीत लोंबत होतं. मी दोरा ताणला. तुटेना! टबावर वाकून आणखी एक धार सोडली, आणि आश्चर्यानं माझा जो आ वासला...

डुबुक.

वरची कवळी!

लोक म्हणतात, आश्चर्यानं तोंडात बोट घालावं. आपले पूर्वज काही उगाच सांगून गेले नाहीत. बोट असतं तर कवळी अडली असती!

कवळी डोळ्यांदेखत हळूहळू खाली निघाली. मधात बुडणाऱ्या माणसाच्या सावकाश इतमामानं, माझ्याकडे बघून हसत. मी बाही वर करून हात घातला. हाती लागली, निसटली. पुन्हा लागली, पुन्हा निसटली. शेवाळाची खळ आणि माझे दात, दोघांचा स्वभाव सारखाच निघाला. कुणाच्या पकडीत म्हणून यायचं नाही.

तेवढ्यात आमची ही माझा चष्मा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "अहो, गाल असे का बसलेत? भूक लागलीय?"

मी टबाकडे बोट दाखवलं.

तिनं टबात बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टबात बघितलं. "तिनं ढवळायला सांगितलं होतं ना? की चावायला?"

"थक्क झालो मी," मी म्हणालो. वरची कवळी नसताना मी बोललो की सायकलची हवा सोडल्यासारखा आवाज येतो.

"साठ वर्षांचे असताना थक्क व्हायचं होतं. तेव्हा दात स्वतःचे होते."

वेळ दहा वाजून दहा मिनिटं. बाई अकराला येणार. मी शांतपणे विचार केला. संकटात माझं डोकं विलक्षण चालतं! खळ दाट आहे म्हणून कवळी दिसत नाही. पातळ केली की दिसेल. मी एक बादली पाणी ओतलं. कवळी तरीही दिसली नाही, फक्त खळ पातळ झाली. पातळ झाली तर काय करायचं? पूड! सूचना स्पष्ट होती. चष्मा आता नाकावर होता. कोपऱ्यात डबा होता. त्यावर लेकीच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'पूड'.

दोन वाट्या घातल्या. फरक नाही. पाणी बादलीभर घातलं होतं, त्या हिशेबानं आणखी चार घातल्या. फरक नाही. डबा निम्मा केला.

"तुम्ही ढवळा, मी शोधते," असं म्हणून हिनं पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात टबात घातला. संसारात बारीकसारीक वस्तू शोधण्याचा अधिकार तिचाच आहे. दोन मिनिटांत तिचा चेहरा उजळला.

"सापडली! मुठीत आहे."

"काढ."

"काढते... अहो, ढवळायचं का थांबवलंत?"

"थांबवलं नाही. ढवळतोय!"

"मग पळी का हलत नाही?"

"मी हलवतोय, तीच हलत नाहीये!"

पळी टबाच्या मधोमध ध्वजस्तंभासारखी उभी होती. मी खळीला बोट लावलं. ती थरथरली आणि परत होती तशी झाली. टबभर खळ एका तुकड्यात गोठली होती, आणि त्या तुकड्यात माझ्या सहधर्मचारिणीचा उजवा हात कोपरापर्यंत बंद होता!

"ओढ हात."

"ओढतेय. मूठ अडकते."

"मूठ सोड."

"मूठ सोडली तर दात जातील!"

"मग दात धरून ओढ!"

"दात धरले की मूठ होते, आणि मूठ अडकते! किती वेळा सांगू?"

मी टब धरला, तिनं हात ओढला. टबासकट आम्ही दोघं एक वेढा मारून आलो, आणि ही दमून शेजारच्या स्टुलावर टेकली. या वयात एकत्र फेर धरण्याचा योग आला तो असा. इतक्यात दारातून रंगारी डोकावला. "काका, माझा प्लास्टरचा डबा कुठंय हो? वरची एक भेग राहिली..." मग त्याची नजर माझ्या हातातल्या डब्याकडे गेली, डब्यावरून टबाकडे आणि टबावरून हिच्या कोपराकडे. तो म्हणाला, "काकूंच्यात भेग होती का?"

आणि त्याच्या मागे लेक उभी होती. लेकीच्या मागे साबणवाल्या बाई. गाडी वेळेआधी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा, आणि बहुधा शेवटची!

बाई उंच, कोरड्या, केस घट्ट बांधलेल्या. चेहऱ्यावर हसू नावाचा प्रकार आढळला नाही. त्यांनी शेडभर नजर फिरवली. स्टुलावर बसलेली, टबात हात घातलेली, अत्यंत सभ्य चेहऱ्याची एक बाई. शेजारी तोंडावर हात दाबून उभा असलेला एक म्हातारा.

"ही माझी आई," लेक म्हणाली. "हे बाबा."

"नमस्कार," ही म्हणाली. "उठता येत नाही, राग मानू नका."

"कागद कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

लेक माझ्याकडे वळली. "बाबा, काय घातलंत?"

मी डबा पुढे केला. तिनं चिमूटभर पूड घेतली, बोटांवर चोळली, आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता रडते. मी आयुष्यात शेकडो लोकांची टर उडवली, पण लेकीचे मिटलेले डोळे बघताना जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. दोन वर्षं ती या शेडमध्ये हातपाय खारवून घेत होती, आणि मी एका सकाळच्या टापटिपीत ते सगळं गोठवलं होतं. माझ्या तोंडून फक्त हवा आली.

तिनं डोळे उघडले आणि बाईंना सरळ सांगितलं, "आज कागद दाखवता येणार नाही. आजची सगळी खळ ही अशी आहे. चूक आमची."

दुसरं कुणी असतं तर परत फिरलं असतं. बाई पुढे आल्या. गोठलेल्या खळीवर त्यांनी तळहात ठेवला, दाबला, सोडला. मग हिला विचारलं, "मूठ का नाही सोडत?"

"दात आहेत मुठीत."

"कुणाचे?"

हिनं मोकळ्या हातानं माझ्याकडे बोट केलं. मी तोंडावरचा हात काढून हसलो. दुसरा काही पुरावा माझ्याकडे नव्हता.

"सोडा मूठ," बाई म्हणाल्या. "दात कुठे जात नाहीत. जागा नाही त्यांना जायला."

हिनं मूठ सोडली. फॉक! हात बाहेर आला, अगदी कोरडा. बाईंनी टब उपडा करायला लावला. खळीचा मोठा थरथरता खांब टेबलावर उभा राहिला. "तार आहे? आमच्याकडे साबणाच्या लाद्या तारेनंच कापतात." रंगाऱ्यानं डबा टांगायची बारीक तार काढून दिली. बाईंनी ती दोन्ही हातांना गुंडाळली, क्षणभर अंदाज घेतला आणि एका संथ ओढीत खांब उभा दुभागला. काय हात होता! अर्ध्यावर नेमकी थांबून तार कवळीला वळसा घालून गेली. दोन भाग दोन बाजूंना उघडले.

आणि सगळे टेबलाभोवती गोळा झाले.

आत एक मूठ होती. म्हणजे नव्हती, तिची जागा होती. पण असलेल्या हातापेक्षा तो नसलेला हात जास्त खरा होता! बोटांच्या पेरांवरच्या बारीक सुरकुत्या, नखांच्या कडा, घड्याळाच्या पट्ट्याची शिवण, शिवणीतला सुटलेला एक टाका. सगळं! मी चष्मा पुसून वाकलो. या वेळी तोंड मिटून. तिची करंगळी शेवटच्या पेरात जराशी वाकडी आहे, ते मी विसरलो होतो. शेवाळ विसरलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी पडद्यासाठी खिळा ठोकत होतो. खिळा तिनं धरला होता.

(सुरुवातीला मी म्हणालो, घरातली एकही वस्तू माझ्या हातून बिघडलेली नाही. ते अजूनही खरं आहे. करंगळी ही काही वस्तू नव्हे.)

चाळीस वर्षं जो हात रोज समोर वावरत होता, तो मी त्या दिवशी नाड्यांच्या काढ्यात प्रथम नीट बघितला. आणि त्या मुठीच्या फटीतून, सांगायला संकोच वाटतो, माझे पुढचे चार दात डोकावत होते.

"अगं, पण हे झालं कसं?" हिनं लेकीला विचारलं.

लेक अजून त्या पोकळीकडेच बघत होती. हळूच म्हणाली, "शेवाळ आणि प्लास्टर. प्लास्टरमध्येही तोच क्षार असतो, फक्त सावकाश सुटणारा. म्हणून सगळी खळ एकसारखी बांधली गेली. बाबा, कवळी करताना डॉक्टरांनी तुमच्या तोंडात गार लगदा भरला होता, आठवतो? मापाचा?"

"गुलाबी. ओकारी आली होती."

"तो हाच. शेवाळाची पूड आणि हेच प्लास्टर. तुमची कवळी यातूनच जन्मली."

मी कवळीकडे बघितलं. म्हणजे ती पडली नव्हती तर! माहेरी गेली होती! आणि माहेर ते माहेर. एकदा पोचल्यावर सोडेना, आणि माहेरच्यांनीही दारं लावून घेतली.

साबणवाल्या बाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी दोन्ही तुकडे ओल्या फडक्यात बांधून मागितले. "कळवते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. कवळी मात्र परत दिली.

पुढचे आठ दिवस घरात कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मावशी एकदा भेटली. म्हणाली, "साहेबराव, शेवाळ खडकाला धरतं ना, ते मुळं नसताना धरतं. नुसत्या चिकाटीनं. पोरगी तशीच आहे. तुम्ही स्वतःचा जीव खाऊ नका." जीव खायला दात परत आले होते, पण चव गेली होती.

नवव्या दिवशी पार्सल आलं. लेकीनं उघडलं. आत साबण होता. हिची मूठ! फिकट हिरवी, सुगंधी, पेरांवरच्या सुरकुत्यांसह, वाकड्या करंगळीसह. लेकीनं ती दोन्ही हातांत धरली आणि या वेळी मात्र खरोखरच रडली. सोबत पत्र होतं. बाईंनी लिहिलं होतं, की पातळ कागद त्यांना बरेच जण दाखवतात. पण बिघडलेल्या कामासमोर उभं राहून 'चूक आमची' म्हणणारं माणूस फार दिवसांनी दिसलं. कागदाचं काम वर्षभरासाठी नक्की. शिवाय हातांच्या आकाराचे साबण काढायचे आहेत, त्यांचे साचे शेवाळाचेच. साचा थकला की मातीत. पहिला साचा आईंच्या हाताचा. सहाजणींचे हातही हवेत.

मी बसल्या जागी ताठ झालो. "वाच, वाच. माझ्याबद्दल काय लिहिलंय? मूळ कल्पना माझी होती!"

लेकीनं शेवटचा परिच्छेद वाचला. "अटी दोनच. एक, साच्यांमधून मुठीतले दात वगळावेत. दोन, काम चालू असताना आपले वडील शेडमध्ये नसावेत."

ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या अटीवर मी बरीच रदबदली केली. मी म्हणालो, मी काही करणार नाही, फक्त बघेन. या वयात एवढं थक्क व्हायला मला दुसरीकडे कुठे मिळणार? शेवटी लेकीचं मन द्रवलं आणि तिनं बाईंनाही राजी केलं. आता मी रोज जातो. टबापासून चार हातांवर माझ्यासाठी खुर्ची आहे, आणि खुर्चीशेजारी झाकणाची एक छोटी वाटी. वरच्या भिंतीवर, रंगाऱ्यानं बुजवलेल्या भेगेच्या बरोबर खाली, हिनं सुवाच्य अक्षरात लिहिलेली पाटी आहे:

'थक्क होण्यापूर्वी कवळी काढून ठेवावी.'